हप्ता वाचवायचे सोलापुरी उपाय

मालक, यंदा विम्याचा हप्ता वाढला म्हणून कपाळाला हात लावून बसू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी, ठिबक, गोठे सगळं पाण्याखाली गेलं, तेव्हा काय वाहून गेलं ते शेतकऱ्यांनी मोजलं. कंपन्याही मोजतातच. तुम्ही मात्र हप्ता कमी करायला बसा.

सुरुवात ट्रॅक्टरपासून. नुसतं थर्ड पार्टी घ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तेवढंच सक्तीचं केलंय. समोरच्याचं नुकसान कंपनी भरेल, तुमचं इंजिन तुम्ही भरा. इतकं परोपकारी धोरण दुसरीकडे मिळायचं नाही. फुल विमा घ्यायचाच असेल तर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली ट्रॅक्टरची किंमत, खाली ओढा. पाच वर्षांचा ट्रॅक्टर तसाही कंपनीच्या तक्त्यात निम्म्यावर आलेला असतो, तुम्ही आणखी उतरवा. बाजारात विकताना मात्र 'आवाज ऐका इंजिनाचा' म्हणायचं. टायर, बॅटरी आणि प्लॅस्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते, ते दावा करताना कळेलच.

आता खरी युक्ती. कागदावर ट्रॅक्टर शेतीचा ठेवा, हप्ता कमी बसतो. मग कारखान्याचा बॉयलर पेटला की डबल ट्रॉली जोडून भाड्याने ऊस ओढा. ट्रॉली पॉलिसीत वेगळी दाखवावी लागते, हे डोक्यातून काढून टाका. मागे रिफ्लेक्टर लावण्यापेक्षा पुढे गाणी लावा. (मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर रात्री दुचाकी चालवणाऱ्यांना हे संगीत चांगलं ठाऊक आहे.) अपघात झालाच, तर कंपनीचा सर्व्हेअर गोड आवाजात एकच विचारतो, 'ऊस कुणाचा?' आपण छाती फुगवून सांगायचं, 'घरचा!' मग तो कारखान्याची वजनपावती काढतो. तिच्यावर ट्रॅक्टरचा नंबर तुमचा असतो आणि ऊसवाल्याचं नाव माढ्याच्या कुणाचं तरी. पाव्हणा आहे म्हणून सांगा.

शेडचा हिशेब तर फार सोपा. दहा लाखांचं बेदाण्याचं शेड पाच लाखांना दाखवा, हप्ता निम्म्यावर. वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडून दोन लाखांचं नुकसान झालं, तर तुम्हाला वाटेल, दोन लाख पाचाच्या आतच आहेत की! पण पॉलिसीत सरासरीचं एक कलम असतं. निम्म्या किमतीचा विमा, म्हणून निम्मी भरपाई. एक लाख, त्यातूनही तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा. पॉलिसी वाचायची सवय नाही, ते बरंच आहे. उगाच झोप उडाली असती.

पाण्याच्या मोटारीचा विमा उतरवू नका. केबल चोरणाऱ्यांना विम्याविना धंदा जमतो, तर आपल्याला का नाही? शिवाय पीकविमा भरलाय, म्हणजे त्यात मोटार, ठिबक, कडब्याची गंजी सगळं आलं, असंच समजून चला. एक रुपयात पीकविमा मिळत होता तेव्हाही त्यात फक्त पीकच होतं, आणि २०२५ च्या खरिपापासून तो रुपयाही गेला.

नूतनीकरणाची तारीख विसरा. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की वर्षानुवर्षं दावा न करता जमवलेली, ५० टक्क्यांपर्यंत जाणारी सूट शून्यावर येते. तारीख लक्षात राहतच असेल, तर आरसा फुटला तरी दावा ठोका. हजाराचा आरसा मिळतो आणि पुढच्या वर्षीची सूट जाते.

आणि दावा नाकारलाच, तर कंपनीला लेखी तक्रार द्यायची, महिनाभर थांबायचं, तरी दाद नाही मिळाली तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज करायचा. वकील लागत नाही, फी लागत नाही. त्यामुळे तिकडे अजिबात फिरकू नका. त्यापेक्षा एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर बसून एजंटाच्या नावाने शिव्या द्या. तोही तिथेच बसलेला असेल. चहाचे पैसे त्यालाच द्यायला लावा.