सत्तर तासांचा वाद आणि सहीचा अधिकार

ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५मध्ये एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांमध्ये तासांचा हिशेब संपलेला नाही, आणि इथे जर्मनीत श्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना त्यात हमखास ओढलं जातं: "तुमच्याकडे पस्तीस तासांत कसं काय भागतं?" पस्तीस तास खरे आहेत. पश्चिम जर्मनीतल्या धातू आणि विद्युत उद्योगाच्या वेतनकरारात ते १९९५पासून आहेत. कायदाही दिवसाला आठच तास धरतो, ओढूनताणून दहा. पण घड्याळाकडे बघून या दोन ठिकाणांतला फरक कळणार नाही. पंधरा वर्षं एकाच विषयात मुरलेल्या इंजिनिअरला पगार किती आणि त्याच्या सहीला वजन किती, खरा फरक तिथे आहे.

एक साधं ड्रॉइंग घेऊ. ब्रॅकेटला एम १० बोल्ट जायचा आहे, म्हणून ११ मिमीचं भोक. नव्या मुलाने जुनं ड्रॉइंग उघडून कॉपी केलं आणि त्यातला एच ७ टॉलरन्स, म्हणजे माप किती चुकलं तर चालेल याची मर्यादा, तसाच आला. एच ७ म्हणजे या मापाला ०.०१८ मिमी. बोल्ट नुसता आरपार जायचा असेल तर एच १३ पुरतो, म्हणजे ०.२७ मिमी, तब्बल पंधरापट सैल. एच १३ साध्या ड्रिलने निघतो. एच ७साठी ड्रिलनंतर भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर मारा, मग प्लग गेज भोकात घालून माप तपासा, आणि तरी काही नग रिजेक्ट होणारच. व्हेंडर कोटेशन वाढवून देतो, परचेस त्याच्याशी घासाघीस करतं, आणि चूक ड्रॉइंगवर आहे हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. "हा आकडा कुठून आला?" एवढंच विचारणारा माणूस रिव्ह्यूला बसला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

तो माणूस का नसतो? कारण तो मॅनेजर झालेला असतो. आपल्याकडे सात-आठ वर्षांनी पगाराची पुढची पायरी चढायची तर हाताखाली माणसं घ्यावी लागतात. उत्तम काम करणारा डिझायनर मग दिवसभर एक्सेल शीट, अप्रेझल आणि क्लायंट कॉलमध्ये अडकतो. (लग्नाच्या बैठकीतही मुलाच्या हाताखाली किती जण हेच विचारतात. तेव्हा सगळा दोष एचआरच्या माथी मारून चालायचं नाही.) जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात भर मधल्या आणि वरच्या श्रेणीवर होता. चर्चा एआयची झाली. माणसं सांभाळण्याशिवाय दुसरं काही हाताशी न राहिलेला थर कंपन्यांनीच पंधरा वर्षं खपून तयार केला, यावर फारसं कोणी बोललं नाही.

जर्मनीतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तज्ज्ञांची वेगळी शिडी असते, पगारश्रेणी मॅनेजरांच्या बरोबरीची. आपल्याकडेही 'प्रिन्सिपल इंजिनिअर', 'आर्किटेक्ट' अशी पदं आली आहेत, पण बहुतेक ठिकाणी ती फसतात. मॅनेजर म्हणून जमलं नाही त्यांची सोय अशी त्या पदाची ख्याती होते आणि हुशार मुलं तिकडे फिरकत नाहीत. शिडी खरी आहे का हे ओळखायचं तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, त्या माणसाच्या सहीशिवाय डिझाइन रिलीज होतं का? होत असेल तर पद शोभेचं आहे. दोन, बढती कोण ठरवतं? थेट वरिष्ठाने ठरवली तर ती निष्ठेला मिळते. दुसऱ्या विभागांतल्या तिघा-चौघा तज्ज्ञांपुढे उमेदवाराने आपली दोन-तीन खरी कामं ठेवावीत, त्यांतलं एक बिघडलेलं आणि मग सावरलेलं असावं, आणि निर्णय त्यांनी द्यावा. हे पहिल्या वर्षी कडवट होतं. नाकारले जाणारे बरेच असतात आणि त्यातले काही राजीनामा देतात. तेवढं सोसायची तयारी नसेल तर सुरूच करू नये.

वेळेचा मुद्दा येतो तो इथे. एका अनुभवी माणसामागे दहा-बारा फ्रेशर असतील तर रिव्ह्यू नावापुरता उरतो. पाचाच्या वर गेलं की तपासणं थांबून सही करणं सुरू होतं, असा माझा अंदाज. कोडचंही तसंच: एका वेळी तीन-चारशे ओळींपलीकडचा बदल समोर आला की तपासणारा कंटाळतो आणि "ठीक आहे" लिहून मोकळा होतो. तेव्हा मर्यादा लेखी घाला आणि मोठा बदल तोडून मागा. अनुभवी माणसाचा आठवड्यातला एक पूर्ण दिवस रिव्ह्यू आणि शिकवण्यासाठी धरायचा तर तो प्रकल्पाच्या एस्टिमेटमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून दिसला पाहिजे. नुसतं तोंडी ठरलं तर डेडलाइन जवळ येताच पहिला बळी त्याच दिवसाचा जातो. 'वर्षाला ४० तास ट्रेनिंग' हे उद्दिष्ट मात्र बिनधास्त काढून टाका. त्यातून सर्टिफिकेटं जमतात. त्याऐवजी डिझायनरला दरवर्षी दोन-तीन आठवडे टेस्ट बेंचवर किंवा शॉपफ्लोअरवर पाठवा. आपलं ड्रॉइंग फिटरच्या हातात गेल्यावर काय होतं ते तिथेच कळतं.

आणि ८डी रिपोर्ट, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत लिहायचा अहवाल. चाकणच्या कुठल्याही सप्लायरकडे फाइल उघडा: मूळ कारण 'ऑपरेटरची चूक', उपाय 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिले', बाजूला हजेरीपटाचा फोटो. तीन महिन्यांनी तीच तक्रार परत. मानवी चूक हे मूळ कारण म्हणून स्वीकारायचंच नाही, असा एकच नियम केला तरी पुढचे प्रश्न आपोआप निघतात: भाग उलटा बसूच कसा शकला? भाग धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरला उलटा बसू न देणारी पिन का नव्हती? पण त्यासाठी खरं सांगणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं जाणार नाही याची खात्री लागते. आपल्याकडे "हो सर, होईल" हे उत्तर त्या खात्रीच्या अभावातून येतं.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. फोक्सवागनचा २०१५चा डिझेल घोटाळा याच देशातला. सॉफ्टवेअरमध्ये तर जर्मन कार उद्योगाने भारतातलीच चूक केली: कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, आणि त्यातलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं सप्लायरकडून घेतलं, आणि घरचे इंजिनिअर अपेक्षांची यादी लिहून पाठपुरावा करत राहिले. व्यवस्थापन उरलं, हातातली कला गेली. फोक्सवागनने २०२०मध्ये सॉफ्टवेअरसाठी वेगळी कंपनी उभी केली, तरी पोर्शची इलेक्ट्रिक मकान आणि ऑडी क्यू ६ ई-ट्रॉन या गाड्या रखडल्या, आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीशी ५.८ अब्ज डॉलरपर्यंतचा करार करावा लागला. बॉशने सप्टेंबर २०२५मध्ये १३ हजार नोकऱ्या कमी करणार असल्याचं सांगितलं, बहुतेक जर्मनीतल्या. मेकॅनिकलमधली खोली पगार आणि प्रतिष्ठा देऊन जपली होती. इथल्या मास्टर कारागिराची पात्रता २०१२पासून पदवीच्या बरोबरीच्या पातळीवर धरली जाते. सॉफ्टवेअरवाल्याला तो मान देणं मात्र राहून गेलं.

"आपल्या मातीत हे रुजणार नाही" असं म्हणणाऱ्यांना टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, आठवण करून द्यावीशी वाटते. १९५४मध्ये टेल्कोने डाइमलर-बेन्झशी, म्हणजे याच श्टुटगार्टच्या कंपनीशी, पंधरा वर्षांचा करार केला. करार संपायला तीन वर्षं असताना, १९६६मध्ये, टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या काळात पुण्यात इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर सुरू झालं. पुण्याच्या कारखान्यातून पहिला ट्रक निघाला तो १९७७मध्ये. आज कुठली कंपनी अकरा वर्षं थांबेल? पण त्या थांबण्यावर पुढे पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी वर्कशॉपांचं पोट चाललं.

आता अडचण आहे ती जर्मनीच्या बाजूच्या कंपन्यांची, आणि त्याबद्दल इथल्या मराठी मॅनेजरांनी तरी तोंड उघडावं. या कंपन्यांचं काम करणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरिंग केंद्राशी करार माणसागणिक, तासागणिक होतो. म्हणजे एक अनुभवी घेण्यापेक्षा तीन फ्रेशर लावणं पुण्याला परवडतं. प्रत्यक्ष कोड तिकडे लिहिला जातो, रिलीजची सही मात्र इकडे होते, त्यामुळे तिकडच्या माणसाला चूक का झाली हे शेवटपर्यंत समजत नाही. सुरुवात छोटी करता येईल: एका कंट्रोल युनिटमधलं एकच फंक्शन, म्हणा खिडकीची काच वर जाताना मध्ये आलेला अडथळा ओळखणं, अपेक्षांच्या यादीपासून गाडीवरच्या चाचणीपर्यंत पुण्याकडे द्यायचं. पैसे तासांवर नको, स्वीकारलेल्या रिलीजवर. चाचणीची गाडी पुण्यात हवी, कारण ती नसेल तर बाकी सगळं कागदावरच राहतं. फील्डमधून आलेली प्रत्येक तक्रार थेट त्याच टीमकडे जायला हवी, मध्ये श्टुटगार्टचा कोऑर्डिनेटर नको. पहिल्या दोन रिलीजना उशीर होईल, आणि फायनान्सवाले तिसऱ्याच्या आधीच जुन्या करारावर परत चला म्हणतील. त्यांना किमान अठरा महिने थांबायचं लेखी कबूल करून घेतल्याशिवाय यात पडू नये.