जांभ्याला सिमेंट फासणाऱ्यांनो, जरा थांबा

सकाळी ग्रुपवर माथेरानच्या एका जुन्या बंगल्याचा फोटो आला. खाली ओळ, 'रिनोव्हेशन जोरात!' जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचं गुळगुळीत प्लास्टर, ओसरीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, आणि त्यावर अंगठ्यांचा पाऊस. डोकंच फिरलं.

1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानला पोचला आणि पुढच्या काही दशकांत साहेबलोकांनी, पारशी शेटियांनी तिथे बंगले उठवले. दगड माथ्यावरचाच. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, सहज तासता येतो, वारं लागलं की कडक होतो. भोकं मात्र राहतात. ही भिंत पाणी पिणार, हे बांधणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. म्हणून जोतं उंच, ओसरी खोल, छपराला बक्कळ उतार, वर झरोके. आणि सांध्यात चुना. पावसाळ्यात मुरलेलं पाणी दिवाळीनंतर त्याच सांध्यांतून हवेत निघून जायचं.

आता त्या फोटोतल्या भिंतीचं काय होणार? पाणी जोत्यातून आणि प्लास्टरच्या बारीक भेगांतून आत शिरणारच, बाहेर पडायची वाट तेवढी बंद. क्षार प्लास्टरच्या मागे साचतात, काही पावसाळ्यांत टिचकी मारली की पोकळ वाजतं. आणि ते सुटताना एकटं सुटत नाही, जांभ्याचं तोंड घेऊन खाली येतं. ओसरी काचेनं बंद केली म्हणजे वाराही गेला. छान!

चुन्याला वेळ लागतो, चुना जाणणारा गवंडी मिळत नाही, सामान घोड्यावरून वर न्यावं लागतं. मान्य. पण सिमेंटच्या गोण्या काय उडत येतात?

गवंड्यावर राग नाही. बिचाऱ्याला चुना कुणी शिकवलाच नाही. त्याच्यासाठीच लिहितो. प्लास्टर काढायला ब्रेकर नको, छिन्नी-हातोडी. दगड सोबत निघत असेल तर तिथलं राहू द्या. सांधे रुंदीच्या दुप्पट खोल, निदान 25 मिलिमीटर उकरा. धूळ झाडून पाणी मारा. भिंत ओलसर हवी, ओघळ नकोत. चुना किमान दोन आठवडे पाण्याखाली विरलेला. 1 भाग चुन्याला 2 भाग वाळू, 1 भाग सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. पाणी कमी, मळणं जास्त. चुना मळायची घाणी मिळाली तर सोनंच. एक थर 10-12 मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर तडकतो. आठवडाभर ओलं गोणपाट. भर पावसात काम नाही, कडक उन्हातही नाही. वर चुन्याच्या सफेदीचे तीन हात. प्लास्टिक पेंट लावलात तर सगळं मुसळ केरात.

आणि लवकर धरावा म्हणून चुन्यात मूठभर सिमेंट टाकणारे महाभाग असतात, त्यांना त्या दिवशी सुट्टी द्या.

फोटोत डाव्या कोपऱ्यात, पन्हळीखाली, हातभर जागा अजून उघडी आहे. जुना चुना दिसतो, मळकट, कडेला शेवाळ, पण सांधा जागचा हललेला नाही. मालक इथे कुणाच्या तरी ओळखीचे असतीलच. त्यांना सांगा, उरलेल्या भिंतीला पाऊस सरेपर्यंत हात लावू नका. तोवर फुटकी कौलं बदला, पन्हळीतला पाला काढा, आणि त्या सरकत्या खिडक्या आधी उतरवा.