नव्या लॉकबॅक चाकूत 'थोडा प्ले असतोच' हे मला मान्य नाही

नवाकोरा घडीचा चाकू खोक्यातून काढून उघडला, 'खट्' असा आवाज होऊन लॉक बसले, आणि तरीही पात्याचे टोक चिमटीत धरून वरखाली केल्यावर ते सहज हलत असेल, तर तो चाकू सदोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे लिहिण्याचे कारण असे की, ऑनलाइन मागवलेल्या एका लॉकबॅक चाकूबद्दल मी नुकतीच तक्रार केली, तेव्हा कंपनीकडून अतिशय नम्र उत्तर आले : "सर, लॉकबॅकमध्ये थोडा प्ले असतोच, काही दिवस वापरा म्हणजे तो सेट होईल." (प्ले म्हणजे जोडातला सैलपणा.) या उत्तराचा पहिला भाग अर्धा खरा आहे आणि दुसरा साफ खोटा आहे, पण दोन्ही एका दमात सांगितले की ग्राहक गप्प बसतो. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये, पंच आणि डाय (पत्रा कापायचे-दाबायचे साचे) यांच्या फिटिंगमध्ये गेली असल्यामुळे मला गप्प बसणे जमले नाही.

ज्यांनी लॉकबॅक वापरलेला नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. पाते एका पिव्हट पिनेवर फिरते. मुठीच्या पाठीवर पोलादाची एक लांबट पट्टी असते, तिला लॉकबार म्हणतात. ही पट्टी मुठीच्या मध्यावर स्वतःच्या वेगळ्या पिनेवर बसवलेली असते आणि तिच्या मागच्या टोकाला स्प्रिंग वर रेटत असते. पाते पूर्ण उघडले की लॉकबारचे पुढचे नाक पात्याच्या बुंध्यात कापलेल्या खाचेत उतरते. बंद करताना मागचे टोक अंगठ्याने दाबायचे, म्हणजे नाक खाचेतून वर येते आणि पाते मोकळे होते. उघडलेले पाते स्थिर राहणे हे अशा रीतीने दोन पिना, त्यांची भोके, एक नाक आणि एक खाच यांच्या मापांवर अवलंबून असते, आणि या प्रत्येक मापात घेतलेली थोडी थोडी सूट शेवटी पात्याच्या टोकाला एकत्र होऊन दिसते. कडीपेक्षा कोयंडा मोठा असला की लावलेले दारही वाऱ्याने खडखडते, तसाच हा प्रकार आहे.

कंपनीचे म्हणणे अर्धे खरे का, ते हिशेबाने पाहू. पिव्हटपासून खाचेची भिंत साधारण 6 मिलिमीटरवर असते आणि 90 मिलिमीटरच्या पात्याचे टोक अर्थातच 90 मिलिमीटरवर. म्हणजे खाचेत जी फट असेल ती टोकाला पंधरा पट होऊन दिसणार. खाचेत 20 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी फट असली, तरी टोक 0.3 मिलिमीटर हलते. इतकी हालचाल जोर लावून, कान आणि डोळे लावून शोधावी लागते, आणि पिना जर भोकांत फिरायच्या असतील तर तेवढी मोकळीक कोणीही कारागीर ठेवणारच. तिच्यावरून कोणी भांडू नये. माझ्या चाकूचे टोक मात्र बोटाच्या हलक्या दाबाने सुमारे दीड मिलिमीटर हलत होते. उलटा हिशेब केला तर खाचेत 100 मायक्रॉनची फट निघते. आमच्याकडे एखाद्या शिकाऊ मुलाने एवढ्या फटीचा जॉब तपासणीला आणला असता, तर गेज हातात घेण्याआधीच तो परत गेला असता.

फट कुठे आहे हे शोधण्यासाठी मी टूलरूममधली जुनीच युक्ती वापरली. लॉकबारच्या नाकाला मार्किंग ब्ल्यूचा पातळ थर लावला, पाते काही वेळा उघडले-मिटले, आणि मग खाचेत रंग कुठे उमटला ते भिंगातून पाहिले. (ब्ल्यू नसेल तर काळ्या मार्कर पेनानेही काम भागते, शाई कुठून पुसली गेली ते पाहायचे.) नाक आणि खाच हे पाचरीच्या आकाराचे असायला हवेत, म्हणजे नाक खाली उतरत गेले की दोन्ही भिंतींना घट्ट चिकटते आणि तळाशी थोडी जागा शिल्लक राहते. ती शिल्लक जागा महत्त्वाची, कारण पुढे झीज झाली की नाक आणखी खाली उतरून ती भरून काढते. माझ्या चाकूत सगळा रंग खाचेच्या तळावर उमटला होता आणि दोन्ही भिंती कोऱ्या होत्या. नाक तळाला टेकून थांबत होते आणि आजूबाजूला मोकळे राहत होते. खाचेच्या भिंतींवर कटरच्या आडव्या रेघा जशाच्या तशा दिसत होत्या, म्हणजे हार्डनिंगनंतर, पोलाद तापवून कठीण केल्यावर, ती खाच कोणी ग्राइंड केलेली नव्हती.

यावरून 'वापरा म्हणजे सेट होईल' हे किती पोकळ आहे ते कळेल. भिंती टेकलेल्या असतील तर वापराने त्या एकमेकींना घासून सरावतात, हे खरे. पण जिथे भिंतीला स्पर्शच होत नाही तिथे काय सेट होणार? उलट, पाते दर वेळी उघडताना आणि कापताना नाक खाचेत आपटत राहते, कडा दबत जातात आणि प्ले वाढतच जातो.

आता काही मित्र म्हणतील की तुमच्याकडे हत्यारे आहेत, नाकाचा तळ थोडा उतरवला की काम झाले. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. लॉकबार पात्याहून नरम असेल तर बारीक कानस त्यावर चालेलही. पात्याची खाच मात्र कानशीला दाद देणार नाही, तिथे डायमंडची कानस किंवा ग्राइंडरच लागेल. पण एकदा कानस लावली की वॉरंटी संपली, आणि जरा जास्त उतरले की लॉकबारची पाठ मुठीच्या पाठीशी समपातळीत राहत नाही. शिवाय मूळ प्रश्न वेगळाच आहे. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वस्तूचे शेवटचे फिटिंग ग्राहकाने घरी करावे, ही अपेक्षाच मला मान्य नाही.

आडव्या प्लेची गोष्ट निराळी. पाते डावी-उजवीकडे डुलत असेल तर बहुतेक वेळा पिव्हटचा स्क्रू सैल असतो, आणि योग्य मापाच्या टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या) बिटने तो किंचित आवळला की दोष जातो. म्हणून पाते हलताना दिसले की आधी दिशा ठरवावी; आडवे हलत असेल तर लगेच तक्रार करू नये. माझ्या चाकूत मात्र आवळले की पाते जाम होत होते आणि सोडले की डुलत होते, मधली जागा सापडतच नव्हती. अशा वेळी वॉशर सपाट नसतो, भोकाच्या कडेला बर (धातूची खरखरीत कड) राहिलेली असते किंवा भोक रीमर मारून नेमक्या मापाचे न करता नुसते ड्रिल मारून सोडलेले असते. ज्या चाकूत स्क्रूऐवजी रिव्हेट असते तिथे तर आवळायचीही सोय नाही, त्यामुळे तिथे आडवा प्ले दिसला की विषय संपला.

बाकीचे दोष एकेका वाक्यात : मिटल्यावर पाते मध्यभागी न राहता एका बाजूच्या लायनरला (मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीला) टेकत होते, धारेचा उतार एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होता, आणि मुठीच्या एका पट्टीची कड बोटाला कापत होती. यातले एखादे असते तर मी दुर्लक्ष केले असते.

गंमत अशी की पोलाद खरोखर चांगले होते. पात्यावर 'डी-2' असे ठळक कोरलेले होते आणि त्याच्या वागण्यावरून ते खरे वाटते. डी-2 म्हणजे आमच्या ओळखीचे टूल स्टील. सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम, पंच आणि डायसाठी आम्ही तेच वापरत होतो. क्रोमियम इतके असूनही त्यातले बरेचसे कार्बाइडमध्ये (कार्बनशी झालेल्या कठीण संयुगात) अडकते, त्यामुळे ते पुरते स्टेनलेस नसते आणि पावसाळ्यात कोकणात नेले तर ठिपके धरते, पण धार दीर्घकाळ टिकवते. ते हवेत हार्डन होणारे पोलाद असल्यामुळे हार्डनिंगमध्ये फारसे वाकडे होत नाही, त्यामुळे 'हीट ट्रीटमेंटमध्ये माप सरकले' ही सबबही इथे चालणार नाही. पोलादाचे नाव पात्यावर कोरता येते आणि जाहिरातीत लिहिता येते. फिटिंग कुठेच लिहिता येत नाही, म्हणून खर्च तिथे वाचवला जातो. व्हिडिओ करणारेही पहिल्या दिवशी कागद कापून दाखवतात आणि 'रेझर शार्प' म्हणून मोकळे होतात. कागद तर दहा मिनिटे दगडावर घासलेली कुठलीही सुरी कापते.

लॉकबॅकची रचनाच सैल असते असे म्हणणाऱ्यांनी बक कंपनीचा 110 हातात घेऊन पाहावा. हा चाकू 1964 पासून बनतो आहे, पात्याची लांबी पावणेचार इंच, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, पिव्हटला स्क्रू नाही, नुसती पिन. त्याचे आजचे पाते 420 एचसी या तुलनेने साध्या पोलादाचे असते. मी पाहिलेल्या नगांत लॉक बसल्यावर पाते आणि मूठ एकसंध वाटली. जपानमधल्या सेकी शहरात बनणारे स्पायडरको कंपनीचे डेलिका आणि एन्ड्युरा हे चाकूही लॉकबॅकच आहेत. त्यांच्या लॉकबारच्या मागच्या टोकाला डेव्हिड बॉय या कारागिराच्या नावाने ओळखला जाणारा एक खोलगट भाग असतो, म्हणजे मूठ घट्ट आवळली तरी तळहाताने लॉक चुकून दाबले जात नाही. अँड्र्यू डेम्को यांनी कोल्ड स्टील या चाकू कंपनीसाठी केलेले ट्राय-अ‍ॅड लॉक तर या दुखण्यावरचाच उपाय आहे. त्यात पाते आणि लॉकबार यांच्यामध्ये एक जाड स्टॉप पिन असते, जोर तिच्यावर जातो, आणि लॉकबारचे भोक मुद्दाम किंचित लांबट ठेवलेले असते, त्यामुळे झीज झाली तरी नाक सरकून आपली जागा धरते. म्हणजे इथे भोकातली मोकळीक विचारपूर्वक ठेवलेली आहे. माझ्या चाकूतली मोकळीक कोणीही ठेवलेली नव्हती, ती राहून गेली होती.

ज्यांना नवा लॉकबॅक तपासायचा आहे त्यांनी मूठ दोन्ही बाजूंनी धरावी आणि अंगठा लॉकबारपासून दूर ठेवावा. मागचे टोक नकळत दाबले गेले तर चांगले लॉकही सैल वाटते. मग पात्याला पाठीकडून आणि नंतर सपाट बाजूने हलका दाब द्यावा, आणि नजर टोकावर न ठेवता नाक आणि खाच जिथे मिळतात त्या सांध्यावर ठेवावी. त्याआधी खाचेत पॅकिंगचा कचरा, ग्रीस किंवा धागा अडकलेला नाही ना, हे काडीने पाहून घ्यावे, कारण तेवढ्यानेही नाक पूर्ण उतरत नाही. पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासण्याची जी पद्धत दाखवली जाते, ती कृपया करू नये. तिने चांगल्या लॉकच्या कडा दबतात आणि पैसे परत मागण्याचा आपला हक्कही जातो. हे सगळे परतीची मुदत संपण्याच्या आत आणि शक्यतो चाकूने काहीही कापण्याआधी करावे, नाहीतर 'वापरलेला माल' हा शिक्का बसतो.

मी कंपनीला ब्ल्यू लावलेल्या खाचेचे फोटो पाठवले आणि एकच प्रश्न विचारला, की तुमच्या ड्रॉइंगवर या फिटिंगचा टॉलरन्स, म्हणजे मापातली मान्य सूट, किती आहे. "सर, आमच्या टॉलरन्समध्ये आहे," असे उत्तर आले. आकडा मागितला तो आला नाही. त्यानंतर मात्र दुसरा चाकू बदलून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. मी पैसेच परत मागितले आहेत, कारण त्याच कटरने कापलेल्या पुढच्या नगात काही वेगळे निघेल, असे मानायला मला काही आधार दिसत नाही.