‘बँकेत पैसा सडतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘शेतकऱ्याचं घर श्रीमंत करणारी पाच सूत्रं’ असा एक मेसेज सध्या आपल्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. परवा तो माझ्या मोठ्या आईपर्यंत पोचला. कापसाच्या पैशातून तिनं नातीच्या शिक्षणासाठी बँकेत पावती, म्हणजे मुदत ठेव, करून ठेवली आहे. मला विचारते, “बाबू, पावती मोडून तिकडं टाकू काय? बँकेत पैसा सडते म्हणे.” म्हणून हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: उत्पन्नातला निम्मा पैसा गरजांना, 30 टक्के हौसेला, 20 टक्के बचतीला. रोजचे दोन चहा सोडा, 30 वर्षांत कोटी जमतील. किराणा महिन्याचा एकदम भरा आणि खर्च वहीत लिहा. बँकेत पैसा सडतो, तो महिन्याला शेकडा तीन देणाऱ्या ‘खात्रीच्या माणसा’कडे ठेवा. आणि पाचवं, पीक कर्ज बिनव्याजी मिळतं, तेही उचलून तिथंच लावा.

चौथ्यापासूनच सुरू करतो, कारण घर बुडवणारं कलम ते आहे. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यात परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. बिगरशेती विनातारण कर्जाला ही मर्यादा 18 टक्के. सावकारालाच 18 च्या वर मिळत नाही, तर हा खात्रीचा माणूस तुम्हाला 36 कुठल्या धंद्यातून देणार? तो नव्या लोकांच्या ठेवीतून जुन्यांना देतो. लाख रुपयांवर महिना 3,000 धरले तर तुमचे स्वतःचे लाख परत यायलाच 34 महिने लागतात. पहिले काही महिने पैसे अगदी तारखेला हातात पडतात, त्यावर विश्वास ठेवून माणूस जावयाला, साळ्याला घेऊन येतो, आणि मग एक दिवस फोन बंद.

2019 चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा याच धंद्यासाठी आला. अशी ठेव घेणाऱ्याला 2 ते 7 वर्षं कैद आहे. ठेव टाका म्हणून लोकांना गळ घालणाऱ्यालाही 1 ते 5 वर्षं आहे. गावात कमिशनवर फिरणाऱ्या पोरांनी हे नीट वाचावं. आपलाच भाचा असला तरी कायदा त्याला सोडत नाही.

आता बँकेचं. बचत खात्याचं व्याज महागाईच्या मागं पडतं, हे मान्य करावंच लागेल. तेवढं मेसेजचं खरं आहे. पण त्यावर उपाय मुदत ठेव आणि पोस्ट आहे. एप्रिल 2023 नंतर घेतलेलं किसान विकास पत्र 115 महिन्यांत दुप्पट होतं आणि गरज पडली तर अडीच वर्षांनंतर मोडता येतं. बँक बुडाली तर? फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेतल्या एका खातेदाराच्या ठेवीला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा आहे. राष्ट्रीयीकृत, ग्रामीण, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांना तो लागू होतो. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट (एकापेक्षा जास्त राज्यांत चालणाऱ्या) सोसायटीला मात्र नाही. पाटीवर ‘सहकारी’ लिहिलं म्हणून दोन्ही एकच समजणारे पुष्कळ भेटतात, तेव्हा ठेवीच्या आधी तेवढं विचारून घ्या.

पाचवं सूत्र तर सरळ फासात मान घालायला सांगतं. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची व्याज सवलत योजना आणि केंद्राची सवलत मिळून 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज शून्य टक्क्यांवर येतं, पण मुदतीच्या आत फेडलं तरच. पैसा एजंटकडं अडकला की मुदत गेली, सवलत गेली आणि व्याज सुरू. पुढच्या हंगामात बँक दारात उभं करत नाही. बोजा तुमच्या सातबाऱ्यावर राहतो, एजंटच्या नाही. आणि वावरात टाकायला खत कुठून आणणार? पुन्हा कृषी केंद्राची उधारी.

पहिलं सूत्र पगारदारांचं आहे. अमेरिकेत कर कापून दरमहा हातात येणाऱ्या पगारासाठी ते मांडलं गेलं. आपल्याकडं सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास, कापसाचा दोन-तीन खेपांत, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीनंतर. मग मार्च ते सप्टेंबर जवळजवळ कोरडे, आणि पेरणी अन् लेकरांच्या शाळा दोन्ही जूनच्या शेवटी एकदमच अंगावर. इथं टक्केवारी काय कामाची? कापसाचा पैसा आला की आधी पुढची पेरणी बाजूला काढायची. पाच एकर कपाशी धरा. एकरी बियाण्याची दोन पाकिटं, 2025 च्या 901 रुपये दरानं 9,010. एकरी एक बॅग डीएपी खत, 1,350 प्रमाणे 6,750. झाले 15,760. एवढ्याची मेअखेर सुटेल अशी पावती जानेवारीतच करून टाका. रोखीनं घेतलं की कृषी केंद्रवाल्याशी भाव करता येतो. उधारीत तो सांगेल ती किंमत आणि देईल ते वाण.

चहाचा हिशेब नुसता चुकीचा आहे. दहाचे दोन चहा म्हणजे महिना 600. वर्षाला 12 टक्के वाढ धरली, जिची हमी कोणीच देत नाही, तरी 30 वर्षांत साधारण 21 लाख होतात, कोटी नाही. महागाई 6 टक्के धरली तर त्यांची आजची किंमत पावणेचार लाखांच्या आत. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईचा चहा तोडून घर श्रीमंत होत नाही.

किराणा एकदम भरणं चांगलं, पण ज्याची रोजी आठवड्यानं मिळते तो आठवडी बाजारातच भरणार. घरची तूर असेल तर वर्षाची डाळ भरडून ठेवा. वहीत खर्च लिहायचं मात्र पटलं. कृषी केंद्राची उधारी, गटाची किस्त आणि दवाखाना वेगवेगळ्या पानांवर लिहा.

कोणी आधीच पैसे टाकले असतील तर पावत्या, फोन पेचे स्क्रीनशॉट आणि एजंटचे मेसेज जपून ठेवा, काही पुसू नका. तक्रार जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत होते आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही करता येते. हप्ता अजून वेळेवर येतोय म्हणून थांबू नका. मुद्दल मागायची तीच वेळ आहे.