गो-वेन्ट-गॉन

बापूचा मुद्दा एकच होता आणि तो त्यावरून हलायला तयार नव्हता. इंग्रजीला शिस्त नाही. 'प्ले'चं 'प्लेड', 'वॉक'चं 'वॉक्ड', मग 'गो'चं 'वेन्ट' कुठून उपटलं? त्याची पाच वर्षांची नात इंग्रजी माध्यमात जाते. ती परवा म्हणाली, "आय गोड टू आजीज हाऊस." सुनेने लगेच चूक सुधारली आणि पोर रडकुंडीला आली. बापूचा राग त्यावर होता.

"नियमाने बघितलं तर पोरीचंच बरोबर," तो म्हणाला.

निलूताई शाळेत इंग्रजी शिकवते. "बरोबरच आहे, आणि काळजी करू नकोस," ती म्हणाली. "मुलं आधी ऐकून ऐकून 'वेन्ट' म्हणतात. मग भूतकाळाला 'ड' लावायचा हे डोक्यात बसलं, की दिसेल त्या क्रियापदाला लावत सुटतात. 'गोड' काय, 'ईटेड' काय. नियम कळल्याची खूण आहे ती. पुढे आपोआप 'वेन्ट'वर येतात. रडवलं कशाला तिला?"

"पण मुळात 'वेन्ट' आलं कुठून, ते सांग ना!"

इथे मला राहवलं नाही. 'सेन्ड'चं 'सेन्ट', 'बेन्ड'चं 'बेन्ट', 'स्पेन्ड'चं 'स्पेन्ट', हे सगळे पाठ करतात. त्याच रांगेत 'वेन्ड' ठेवा, 'वेन्ट' समोर येतं. 'वेन्ड' म्हणजे वळणे, वाट धरणे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने कँटरबरीच्या यात्रेकरूंबद्दल लिहिलं, तेव्हा इंग्लंडच्या कानाकोपऱ्यातून निघालेले ते लोक तिकडे 'वेन्ड'च करतात, म्हणजे जातात. पुढे हा भूतकाळ 'गो'ने उचलला. 'वेन्ड' बिचारं भूतकाळावाचून राहिलं, म्हणून त्याला 'वेन्डेड' असा नवा करून दिला. आज ते वाट काढत जाण्यापुरतं पुस्तकी इंग्रजीत उरलंय.

"म्हणजे चोरीच की! आणि 'गो'चा स्वतःचा भूतकाळ?"

तोच तर गंमतीचा भाग. जुन्या इंग्रजीतही तो नव्हता. हजार वर्षांपूर्वी 'गेला'साठी 'एओदे' म्हणत, आणि तेही 'गो'शी नातं नसलेलं वेगळंच रूप. ते झिजत गेलं आणि पंधराव्या शतकापर्यंत दक्षिणेकडच्या इंग्रजीत 'वेन्ट'ने त्याची जागा घेतली. उत्तरेत मात्र लोकांनी बापूच्या नातीसारखंच केलं: स्कॉटलंडच्या बोलीत 'गे'चं 'गेड' झालं. पोरगी तिकडे जन्मली असती तर कोणी टोकलं नसतं.

मंदार इतका वेळ चहा ढवळत होता. "म्हणून म्हणतो, मराठी बघा. सरळ. बसतो-बसला, उठतो-उठला."

"जातो?" निलूताईने विचारलं.

"जातो... गेला." मंदार थांबला.

'जा' संस्कृतच्या 'या' धातूतून आलं, 'याति'मधलं. 'गेला' आलं 'गत'वरून, तो धातू 'गम्'. 'होतो' आणि 'झाला' तर त्याहून वरताण: 'हो' हा 'भू'चा वंशज, 'झाला' हा 'जात'चा, म्हणजे जन्मलेला. ज्ञानेश्वरीत 'जाला' अशी रूपं भेटतात ती हीच. आपण रोज शंभरदा 'झालं' म्हणतो आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मग इंग्रजीलाच बेशिस्त कसं म्हणायचं? मला हा अन्याय खरंच खटकतो. रोज तोंडात असलेल्या क्रियापदांची जुनी रूपं टिकतात, कारण मुलांच्या कानावर ती नियमाच्या आधी पडतात. इंग्रजीत 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, तो 'हेल्प्ड' झाला. 'गो'च्या वाट्याला ते आलं नाही.

"हे सगळं ठीक," निलूताई म्हणाली, "पण माझ्या वर्गात दुखणं वेगळंच आहे. 'आय डिडन्ट वेन्ट.' भूतकाळ 'डिड'ने घेतला, आता पुढे 'गो'च हवं. दर वर्षी, दर तुकडीत. आणि 'ही हॅज गॉन टू पुणे' म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. जाऊन आला असेल तर 'ही हॅज बीन टू पुणे'. आपण 'गेलाय' आणि 'जाऊन आलाय' यांत कधी घोळ घालतो का? मग इंग्रजीत का घालतो? कारण गो-वेन्ट-गॉन घोकून घेतात, वाक्यात वापरून घेत नाहीत."

यावर कोणी वाद घातला नाही. मंदारला मात्र भलतंच सुचलं. दूध 'वेन्ट बॅड', माणूस 'वेन्ट मॅड', डोक्यावरचे केस गेले की 'वेन्ट बॉल्ड'. बिघाड असला की बऱ्याचदा 'वेन्ट', आणि स्वप्न खरं झालं की 'केम ट्रू'! आपल्याकडेही वाया जातं, तडा जातो, लाइट जाते, आणि बहर येतो, यश येतं. 'ही वेन्ट अँड टोल्ड हर' यातला वैतागही आपल्या 'जाऊन सांगितलं तिला'मध्ये जसाच्या तसा आहे. मंदारचं हे निरीक्षण मला त्या संध्याकाळी सगळ्यांत आवडलं.

बापू उठता उठता परत बसला. "बरं, 'वेन्ट' सोडलं. 'बी'चं 'वॉज' कसं होतं ते सांगा. आणि 'अ‍ॅम' कुठलं?"

त्याला तीन धातू सांगावे लागले. 'अ‍ॅम' आणि 'इज' ज्या मुळातून आले, त्यातूनच संस्कृतचा 'अस्' आला, म्हणून 'अस्मि' आणि 'अस्ति'. 'बी' हा 'भू'चा भाऊबंद. आणि 'वॉज' हा 'वस्'चा, राहणे या अर्थाच्या. बापूने शाळेत संस्कृत घेतलं होतं. तो तिन्ही धातू लट् लकारात, म्हणजे वर्तमानकाळात, चालवायला लागला, आणि निलूताई त्याच्या प्रत्येक रूपापुढे इंग्रजीतलं जोडीदार रूप सांगत गेली.