‘कट-पेस्ट केलं की कार्ड रिकामं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

लग्नाच्या फोटोग्राफीत आयुष्य काढलेल्या माणसानं इतकं सविस्तर लिहिलं, म्हणून उत्तरही नीट द्यायचं ठरवलं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. मेमरी कार्ड रिकामं करण्याबद्दलच्या माझ्या लेखानं लोक उगाच घाबरतील, असं तुम्हाला वाटतं. तुमच्या मते सारखं फॉरमॅट मारून कार्डाचं आयुष्य घटतं. तुम्ही वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर कट-पेस्ट करता, कार्ड आपोआप रिकामं होतं, काही बिघडलेलं नाही. फॉरमॅटनं फोटो खरे पुसले जात नाहीत असं मी एकीकडे म्हणते आणि दुसरीकडे फॉरमॅट जपून करा म्हणते, हा विरोधाभास आहे. कार्ड पुसण्याआधी दोन-दोन कॉप्या करणं ही मोठ्या स्टुडिओंची कामं, इंदूरच्या लग्नसराईत एकट्या माणसाला ते जमत नाही. आणि जाता जाता दोन गोष्टी: जुनी कार्डं तुम्ही नवशिक्या मुलांना देऊन टाकता, आणि पुतण्याच्या मुंजीचं कार्ड सध्या कॅमेऱ्यात ‘कार्ड एरर’ दाखवतंय, ते फॉरमॅट मारून पुन्हा वापरात घेणार आहात.

वाद नंतर घालू. आधी ते मुंजीचं कार्ड.

त्यातले फोटो उतरवून झालेत की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाले नसतील तर कृपा करून फॉरमॅट मारू नका. कॅमेरा बंद करा, कार्ड काढा, बाजूची छोटी कळ लॉककडे सरकवा. ती कळ म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा, कार्डाच्या आतल्या चिपला तिचा पत्ताही नसतो. रीडर, म्हणजे कार्ड कॉम्प्युटरला जोडायचं साधन, तिची जागा बघून लिहायचं थांबवतो. पण एवढंही संरक्षण अशा वेळी हवंच. मग दुसऱ्या कुणाचा तरी चांगला रीडर घेऊन बघा, कारण बऱ्याचदा दोष कार्डात नसतो, रीडरमध्ये किंवा कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवरच्या मळात असतो. कॉम्प्युटरनं ‘वापरण्याआधी फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. कार्ड दिसतंय पण फोटो दिसत नाहीत, असं असेल तर फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा. सापडलेले फोटो हार्ड डिस्कवर साठवा, त्याच कार्डावर कधीही नको. फाइलींची मूळ नावं परत मिळत नाहीत, पण फोटो मिळतात. कार्ड कुठल्याच रीडरमध्ये दिसत नसेल तर घरगुती उपाय थांबवा. डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेचंच ते काम. मुंज पुन्हा होत नाही, कार्ड दुसरं मिळतं.

आता फॉरमॅट आणि कार्डाचं आयुष्य. कार्डाच्या आत नँड फ्लॅश असते, म्हणजे वीज नसतानाही डेटा टिकवणारी मेमरी. १९८७ साली तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांच्या गटानं ती जगापुढे मांडली. या मेमरीत लिहिणं पानापानानं होतं आणि पुसणं मोठ्या ब्लॉकनं, म्हणजे अनेक पानांच्या गठ्ठ्यानं. प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. आजच्या साध्या कार्डांत हा आकडा साधारण काही शे ते काही हजार असतो. म्हणजे तुमची शंका निराधार नाही, झीज होतेच. पण ती कशानं होते? फोटो काढल्यानं. ६४ जीबीचं कार्ड भरलं, रिकामं केलं आणि पुन्हा भरलं की सगळ्या मेमरीवर एक फेरी होते. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट मात्र फाइलींच्या नोंदींचा तक्ता नव्यानं लिहितं आणि थांबतं. ६४ जीबीपैकी फार तर काही एमबी. शिवाय कार्डातला कंट्रोलर (कार्डाचं काम चालवणारी चिप) लिखाण वेगवेगळ्या ब्लॉकवर फिरवत राहतो, त्यामुळे एकच जागा घासली जात नाही. उलट हजार फोटो एकेक करून डिलीट केलेत तर तोच तक्ता पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. आयुष्याचाच हिशेब मांडायचा तर फॉरमॅट स्वस्त पडतं.

विरोधाभास म्हणता तो यातूनच सुटतो. वाचनालयाची नोंदवही फाडली तरी पुस्तकं कपाटात असतातच. फक्त कुठलं पुस्तक कुठे आहे ते कळत नाही, आणि ग्रंथपाल ती जागा रिकामी समजून नवी पुस्तकं लावायला घेतो. फॉरमॅट किंवा डिलीट केल्यावर नेमकं हेच होतं. पुढचा फोटो कुठल्या जुन्या फोटोच्या जागेवर लिहिला जाईल, ते आपल्या हातात नसतं. त्यातून काही कॅमेरे फॉरमॅट करताना कार्डाला ब्लॉक खरोखर पुसायचा आदेशही देतात. तिथे फोटोरेकही हात टेकतं. म्हणून फोटो परत मिळू ‘शकतात’ हे अपघातानंतरचं सांत्वन आहे, त्याच्या भरवशावर काम करायचं नाही.

खराब फोटो जागच्या जागी डिलीट करण्याला माझा विरोध आहे, पण सौम्य. कॅमेरा नोंदी व्यवस्थित सांभाळतो, कार्ड त्यानं बिघडत नाही. मात्र मधे मधे मोकळ्या फटी पडतात, पुढचा व्हिडिओ त्या फटींत तुकड्यातुकड्यांनी बसतो, आणि उद्या नोंदी गेल्या तर असे तुकडे जुळवणं फार अवघड जातं. त्याहून मोठं कारण म्हणजे अंतरपाट दूर व्हायच्या घाईत अंगठा चुकीच्या फोटोवर पडतो.

आता कट-पेस्ट. माझा सगळा लेख या एका सवयीविरुद्ध होता, आणि इथे मी अजिबात मागे हटणार नाही. कट-पेस्टमध्ये कॉम्प्युटर एक फाइल हार्ड डिस्कवर लिहितो, ‘लिहिली’ म्हणतो आणि कार्डावरची काढून टाकतो. मग पुढची. नीट लिहिली गेली का, उघडते का, हे कुणीही बघितलेलं नसतं. सगळे फोटो एकाच वेळी दोन ठिकाणी आहेत असा एक क्षणही त्यात येत नाही. तुमच्या रोलच्या काळात प्रिंट फाटली तरी निगेटिव्ह उरायची. कार्ड हीच आज आपली निगेटिव्ह, आणि ती आपणच पुसतो. तेव्हा पुसण्याच्या क्षणी फोटो आणखी दोन ठिकाणी असले पाहिजेत, आणि तिथे ते आहेत हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. फॉरमॅट की डिलीट, कॅमेऱ्यात की कॉम्प्युटरवर, हे सगळं त्यानंतरचं.

‘काही बिघडलेलं नाही’ असं तुम्ही लिहिता, त्यावर एक विचारू? बिघडलं तर ते कळेल कसं? कॅमेऱ्यातल्या फाइलींचे क्रमांक ०००१ ते ९९९९ पर्यंतच जातात, मग पुन्हा ०००१. दोन कॅमेरे असले किंवा फॉरमॅटनंतर क्रमांक नव्यानं सुरू होण्याची सेटिंग असली, तर दोन कार्डांवर एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असतात. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकले की कॉम्प्युटर ‘रिप्लेस करू का?’ विचारतो. रात्री दोन वाजता दमलेला माणूस ‘हो’ दाबतो. हळदीचे फोटो गेले आणि त्यांच्या नावानं सीमांतपूजनाचे बसले. एररही येत नाही. अल्बम निवडताना कळतं, तोवर कार्ड रिकामं. म्हणून प्रत्येक कार्डासाठी वेगळा फोल्डर: तारीख, पार्टीचं नाव, कॅमेरा आणि कार्डाचा नंबर. कॉपी झाल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळवा. पहिला, शेवटचा आणि मधले काही फोटो पूर्ण उघडून बघा, कारण लहान चित्र दिसलं म्हणजे फाइल धड आहे असं नसतं. टेराकॉपीसारख्या फाइली कॉपी करणाऱ्या साधनात ‘व्हेरिफाय’ चालू ठेवलंत तर फाइल न् फाइल तपासली जाते.

वेळ मिळत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. एका दिवशी दोन लग्नं आणि मधे वरात असली की बसायलाही मिळत नाही. पण बऱ्याच जणांचा वेळ रीडर खातो. जुना यूएसबी २ चा रीडर प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास देतो. भरलेल्या ६४ जीबी कार्डाला पस्तीस-एक मिनिटं. यूएसबी ३ चा रीडर आणि बऱ्यापैकी कार्ड असेल तर तेच काम बारा-पंधरा मिनिटांत होतं. दुसरी कॉपी हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर रात्री लावून झोपता येते. आणि तेवढंही शक्य नसेल तर सरळ उपाय: कार्ड रिकामं करू नका, दुसरं घाला. चार जास्तीची कार्डं ठेवणं ही चैन म्हणू नका. दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर दोन्हीकडे एकदम लिहिण्याची सेटिंग लावा. एक कॉपी तिथेच तयार.

कॉपीची खात्री झाल्यावर मात्र फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, आणि ज्या कॅमेऱ्यात वापरणार त्याच कॅमेऱ्यात. त्याला हवी तशी फाइल सिस्टिम (फाइलींच्या नोंदी ठेवायची पद्धत) आणि फोटो ठेवायचा डीसीआयएम फोल्डर तो स्वतः मांडतो: ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डाला फॅट३२, त्यावरच्या एसडीएक्ससीला एक्सफॅट. विंडोजवर चुकून एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम निवडली गेली तर कॅमेरा कार्ड ओळखतच नाही. मॅकवर डिलीट केलेले फोटो कार्डावरच्याच लपलेल्या कचरापेटीत पडून राहतात आणि जागा मोकळी होत नाही. कॉम्प्युटरवरच करायचं झालं तर एसडी असोसिएशनचा, म्हणजे या कार्डांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, स्वतःचा मोफत फॉरमॅटर वापरा.

भरलेलं कार्ड आणि रिकामं कार्ड यांची गल्लत हा आणखी एक घात. इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, रात्रभर चालतात, पहाटेपर्यंत कुठलं कार्ड कुठलं ते सुधरत नाही. मी भरलेलं कार्ड डबीत पालथं ठेवते, सोनेरी पट्ट्या वर. पालथ्या कार्डाला घरी पोचेपर्यंत हात लावायचा नाही.

रंगपंचमीच्या गेरबद्दल, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीबद्दल, वेगळं सांगते, कारण राजवाड्यासमोर उभं राहून फोटो काढणारी मुलं दर वर्षी विचारतात. वरून गुलालाच्या तोफा, बाजूनं पाण्याचे टँकर. तिथे गर्दीत कार्ड बदलूच नका. मोठं कार्ड घालून निघा, झाकण बंद ठेवा. बदलावंच लागलं तर एखाद्या जिन्यात शिरा, हात पुसा, मगच झाकण उघडा. घरी आल्यावर कार्डाच्या पट्ट्या कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. चिकटपणा असेल तर कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, आणि पूर्ण वाळेपर्यंत कार्ड घालू नका. खोडरबर वापरू नका, पट्ट्यांवरचा सोन्याचा पातळ थर घासला जातो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. स्लॉटमध्ये तोंडानं फुंकणंही नको; हवेचा रबरी फुगा घ्या.

नवीन कार्ड घेतलं की पहिल्या लग्नाआधी ते एकदा पूर्ण भरून तपासा. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही मोफत साधनं हेच करतात. नकली कार्डावर १२८ जीबी छापलेलं असतं, आत मेमरी त्याच्या कितीतरी कमी. खऱ्या मेमरीएवढे फोटो ठीक येतात, त्यापुढचे कॅमेरा ‘घेतले’ म्हणतो पण ते कुठेच नसतात. किती वेळा फॉरमॅट केलं तरी हा दोष दिसत नाही.

राहिली जुनी कार्डं. मुलांना देता हे चांगलंच, पण वर सांगितल्याप्रमाणे साध्या फॉरमॅटनंतर त्यात लोकांच्या घरातले फोटो शिल्लक असतात. देण्याआधी एसडी फॉरमॅटरमधलं ‘ओव्हरराइट’ फॉरमॅट करा, किंवा लेन्सचं झाकण लावून कार्ड भरेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवा. आणि ज्या कार्डानं एकदा जरी एरर दाखवला असेल, ते फोटो काढून घेतल्यावर कुणालाही देऊ नका, स्वतःही वापरू नका. पकडीनं चिपमधूनच तोडा आणि सकाळी कचरागाडी आली की ई-कचऱ्याच्या कप्प्यात टाका.