चालती कॅज्युअल्टी बंद कशी करावी

तुमच्या अखत्यारीत एखादं सरकारी रुग्णालय आहे आणि त्याची कॅज्युअल्टी बंद करण्याची तुम्हाला उबळ आली आहे, असं धरून चालतो. लाजू नका. लंडनच्या लुइशम भागात २०१२-१३ साली हे काम फार रीतसर हाती घेतलं होतं. तुम्ही तोच कित्ता गिरवा.

पहिली गोष्ट म्हणजे, तोट्यातल्या रुग्णालयाला हात लावू नका. लुइशमशेजारच्या 'साउथ लंडन हेल्थकेअर ट्रस्ट'ला (ट्रस्ट म्हणजे तिथली सरकारी रुग्णालयं चालवणारी संस्था) आठवड्याला दहा लाख पौंडांहून जास्त खड्डा पडत होता. त्याच्या वूलिच आणि ब्रॉम्लीतल्या रुग्णालयांच्या झकपक इमारती खासगी कंपन्यांनी बांधलेल्या, आणि त्यांचे हप्ते सरकारने वर्षानुवर्षं फेडायचे, असा करार. करार मोडता येत नाही. कंपनीला दुखावणं बरं दिसत नाही. मग मंत्र्यांनी जुलै २०१२ मध्ये या ट्रस्टवर एक खास प्रशासक नेमला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, तर पलीकडे लुइशमचं रुग्णालय. ट्रस्ट वेगळा, जमाखर्च जागेवर, आणि कॅज्युअल्टीचं तर नुकतंच १ कोटी २० लाख पौंड खर्चून नूतनीकरण झालेलं. शिवाय निम्म्याहून जास्त जागा विकता येण्याजोगी! चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक म्हणतील. म्हणू द्या. चोराच्या नावावर जमीन नव्हती, त्याला कोण काय करणार?

हिंमत होत नसेल तर आधी 'तात्पुरतं' बंद करून पाहा. त्याच ट्रस्टच्या सिडकप इथल्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी २०१० च्या हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टर कमी म्हणून तात्पुरती बंद झाली. ती पुन्हा उघडली नाही. असे कितीतरी हिवाळे येतात आणि जातात.

मग आकडे टाका. लुइशमवासीयांना सांगण्यात आलं की छोटी कॅज्युअल्टी ठेवू, सध्याच्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांशांपर्यंत लोकांना तिथेच पाहू. म्हणजे कॅज्युअल्टी राहणारच, फक्त फार आजारी माणसांनी तिथे यायचं नाही. त्यांनी साउथ सर्क्युलर रस्त्याच्या कोंडीतून वूलिच वगैरे गाठायचं. वर हेही सांगा की या फेररचनेने वर्षाला शंभरपर्यंत जीव वाचतील. वाचणाऱ्यांची यादी कोणी मागत नाही.

विरोध होईलच. पावणेतीन लाख वस्तीच्या भागात तो नोव्हेंबरच्या धो धो पावसात हजारोंनी रस्त्यावर आला आणि २६ जानेवारी २०१३ ला पंचवीसेक हजारांचा झाला. आजीबाई, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, आणि चक्क रुग्णालयातले डॉक्टरही. मिलवॉल फुटबॉल क्लबच्या खेळाडूंनी 'लुइशमची कॅज्युअल्टी वाचवा' असे टीशर्ट घातले. (मिलवॉलच्या चाहत्यांची ख्याती राड्यांबद्दल आहे, तेव्हा त्यांची कळकळ निव्वळ व्यवहारीही असू शकेल.) अशा वेळी शांतपणे म्हणावं, 'लोकभावना समजू शकतो, पण निर्णय वैद्यकीय आहे.' समोर डॉक्टरच फलक धरून उभे असतील तर त्यांच्याकडे पाहू नये.

खरं तर इतक्या उपद्व्यापाची गरज इंग्रजांनाच. आपल्याकडे कॅज्युअल्टी बंद करत नाहीत, तिचा बोर्ड रंगवून ठेवतात. सर्जनचं पद रिक्त, भूलतज्ज्ञ आठवड्यातून एकदा, एक्स-रे मशीन आहे पण तंत्रज्ञ रजेवर. मग केसपेपरवर 'पुढील उपचारासाठी रवाना' एवढं लिहिलं की १०८ येते आणि सिंधुदुर्गातला माणूस थेट गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात पोचतो. मोर्चा काढणार तरी कशाविरुद्ध? सगळं चालूच आहे की!

असो, लंडनकडे वळू. ३१ जानेवारी २०१३ ला आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी निर्णय जाहीर केला. इथे मात्र एक चूक झाली, ती तुम्ही टाळा. लोकांच्या हाती कायद्याचं पुस्तक लागू देऊ नका. लुइशमकरांनी ते वाचून काढलं. स्थानिक परिषद आणि बचाव मोहीम हायकोर्टात गेली. प्रशासक नेमला एका ट्रस्टसाठी, तर तो शेजारच्या ट्रस्टची मोडतोड कोणत्या कलमाखाली सुचवतो, हा साधा प्रश्न. ३१ जुलैला न्यायमूर्तींनी मंत्र्यांनी अधिकारकक्षा ओलांडल्याचं म्हटलं. सरकार अपिलात गेलं. ऑक्टोबरमध्ये तिथेही हरलं. लुइशमची कॅज्युअल्टी अजून चालू आहे, फार आजारी माणसांसकट.

पण घाबरायचं कारण नाही. कोर्टाने कायदा दाखवला तर कायदाच दुरुस्त करून घ्यावा. २०१४ च्या 'केअर ॲक्ट'मध्ये कलम १२० आलं, आणि गरज पडल्यास शेजारच्या धडधाकट रुग्णालयालाही हात घालण्याची सोय प्रशासकाला मिळाली. जनतेवर अन्याय मात्र झाला नाही हं. तिचं म्हणणं ऐकून घेण्याची मुदत पूर्वी ३० कामकाजी दिवसांची होती, ती ४० केली. ओरडायला दहा दिवस जास्त!